वाचकांचे प्रश्न : पाइनच्या सुया कुरतडणारी करवतमाशी

प्रश्न : आमच्या न्यू जर्सीतल्या घरासमोर म्युगो पाइनची तीन बुटकी झाडे आहेत. या वर्षी मे महिन्याच्या सुरुवातीला त्यांतल्या एका झाडाच्या फांद्या वाळलेल्या गवतासारख्या दिसू लागल्या. जवळ जाऊन पाहिले, तर काळ्या डोक्याच्या, राखाडी-हिरव्या अळ्यांचे घोसच्या घोस सुयांना लगडलेले होते. बागेच्या दुकानात 'अळ्यांसाठी' म्हणून दिलेले बीटीचे औषध मी दोनदा फवारले, पण एकही अळी मेली नाही. पुण्याहून आई कडुनिंबाचा अर्क फवारायला सांगते आहे. झाड वाचेल का? आणि औषधाचा गुण का आला नाही? — एक वाचक भगिनी, न्यू जर्सी

उत्तर : झाड बहुधा वाचेल. औषधाचा गुण न येण्याचे कारण असे, की आपण ज्यांना अळ्या समजून औषध फवारले, ती फुलपाखराची किंवा पतंगाची पिल्ले नव्हेतच. आपल्या वर्णनावरून ती युरोपीय पाइन करवतमाशीची, म्हणजे निओडिप्रिऑन सर्टिफर या कीटकाची पिल्ले दिसतात. मधमाश्या, मुंग्या आणि गांधीलमाश्या ज्या गणात येतात, त्याच गणातला हा कीटक आहे. बाजारात मिळणाऱ्या बीटीचा, म्हणजे बॅसिलस थुरिंजिएन्सिस या जिवाणूचा, कुर्स्टाकी हा प्रकार पतंगवर्गीय अळ्यांच्या आतड्यावर काम करतो. करवतमाशीच्या पिल्लाच्या पोटात तो गेला तरी त्याला काही होत नाही. दुकानदाराने फसवले असे मी म्हणणार नाही, कारण दिसायला ही पिल्ले हुबेहूब अळीसारखीच असतात आणि मराठीत आपणही त्यांना अळीच म्हणतो. मीही पुढे तोच शब्द वापरणार आहे. मात्र औषध घेण्यापूर्वी एकदा पाय मोजले असते, तर दोन्ही फवारण्या वाचल्या असत्या.

पाय मोजणे अवघड नाही. एक अळी सुईसकट तोडून पांढऱ्या कागदावर ठेवावी आणि भिंगाखाली पाहावी. डोक्यामागे छातीला सांधे असलेल्या टोकदार पायांच्या तीन जोड्या दिसतील. त्या दोन्ही प्रकारच्या अळ्यांना असतात. फरक आहे तो त्यामागे पोटाखाली असणाऱ्या मऊ, मांसल पायांचा. पतंगाच्या अळीला अशा पायांच्या जास्तीत जास्त पाच जोड्या असतात आणि त्यांच्या तळव्याला बारीक आकड्या असतात. पाइनवरच्या करवतमाशीच्या अळीला अशा आठ जोड्या असतात आणि त्यांना आकड्या नसतात. डोळ्यांवरूनही ओळख पटते. पतंगाच्या अळीच्या डोक्याच्या प्रत्येक बाजूला सहसा सहा बारीक ठिपक्यांसारखे डोळे असतात, तर या अळीला प्रत्येक बाजूला एकच, ठळक, मण्यासारखा डोळा असतो.

आता झाडाविषयी. युरोपातून आलेला हा कीटक अमेरिकेत पहिल्यांदा आढळला तो आपल्याच राज्यात, न्यू जर्सीत, १९२५ साली. त्याची वर्षाला एकच पिढी होते. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास मादी त्याच उन्हाळ्यात वाढलेल्या सुयांच्या कडेला करवतीसारख्या अवयवाने बारीक चिरा पाडते आणि प्रत्येक चिरेत एक अंडे ठेवते. एका सुईवर साधारण सहा ते आठ अंडी, समान अंतरावर, एका ओळीत असतात. हिवाळा अंड्यातच जातो. एप्रिल-मे महिन्यांत अळ्या बाहेर पडतात, तेव्हा झाडाचे नवे कोंब मेणबत्त्यांसारखे मिटलेले असतात. अळ्या मागच्या वर्षीच्या आणि त्याहून जुन्या सुया खातात. नव्या कोवळ्या सुयांना सहसा तोंड लावत नाहीत, कारण कोवळ्या सुयांतील राळेची आम्ले त्यांना मानवत नाहीत. जूनच्या मध्यापर्यंत त्यांचे खाणे संपते, त्या झाडाखालच्या पालापाचोळ्यात उतरतात आणि कोष विणतात. तोवर नवे कोंब उलगडलेले असतात. परिणामी, फांदी खालून उघडी आणि टोकाला हिरवा झुपका, असे बाटली धुण्याच्या ब्रशच्या उलट दिसणारे रूप झाडाला येते. ते पाहून वाईट वाटते, हे मला मान्य आहे. पण टोकाचा तो झुपका शाबूत असेल, तर झाडाच्या हाती पुढच्या वर्षाची शिदोरी आहे असे समजावे. वाढ खुंटते आणि झाड विरळ दिसते, पण निरोगी झाड एका वर्षाच्या हल्ल्याने सहसा मरत नाही. वर्षामागून वर्ष हेच होत राहिले, किंवा झाड आधीच दुष्काळाने वा मुळांच्या रोगाने खंगलेले असेल, तर मात्र गोष्ट वेगळी आहे.

आपण लिहिलेल्या 'वाळलेल्या गवता'चाही उलगडा यातच आहे. अंड्यातून नुकत्याच बाहेर पडलेल्या अळीच्या जबड्यात अख्खी सुई कातरण्याची ताकद नसते. ती सुईची बाजूची हिरवी साल तेवढी खाते आणि मधली शीर सोडते. ती शीर वाळून, पिळवटून, काडीसारखी पिवळी पडते. मोठ्या अळ्या पुढे सुई टोकापासून बुडापर्यंत फस्त करतात. म्हणून एप्रिलच्या अखेरीस अशा पिवळ्या काड्या दिसल्या, की अळ्या अजून लहान आहेत आणि उपायाची वेळ टळलेली नाही, असे ओळखावे.

उपाय सोपे आहेत. तीन बुटक्या झाडांसाठी तर मी फवारणीही सुचवणार नाही. अळ्या घोळक्याने एकाच फांदीवर असतात, त्यामुळे हातमोजे घालून साबणाच्या पाण्याच्या बादलीवर फांदी झटकली, तरी बहुतेक अळ्या पडतात. मोजकीच टोके ग्रासलेली असतील, तर ती कापून टाकावीत. फवारायचेच असेल, तर लहान अळ्यांवर कीटकनाशक साबण चालतो आणि स्पिनोसॅडचाही चांगला परिणाम होतो; मात्र ते ओले असताना मधमाश्यांना घातक असते, म्हणून संध्याकाळी उशिरा फवारावे. आपल्या आईंनी सांगितलेले चुकीचे नाही. कडुनिंबातील अझाडिरॅक्टिन अळीला नीट कात टाकू देत नाही आणि करवतमाशीच्या लहान अळ्यांवर ते लागू पडते. फक्त त्याचा परिणाम दिसायला काही दिवस जातात, म्हणून ते लवकर फवारले पाहिजे. अळ्या दोन सेंटिमीटरहून लांब झाल्या असतील, तर कोणतेच औषध फवारू नये. त्यांचे खाणे संपत आलेले असते आणि त्या वेळी औषध मारून झाडाच्या पदरात काहीच पडत नाही.

हिवाळ्यात एक काम अवश्य करावे. थंडी पडल्यावर अंडी असलेल्या सुयांवर पिवळसर ठिपक्यांची सरळ ओळ उठून दिसते. एखाद्या कोरड्या दुपारी झाडाभोवती फिरून अशा सुया वेचून काढल्या, की पुढच्या मे महिन्याचा प्रश्न बऱ्याच अंशी मिटतो.

एक सावधगिरी सांगणे माझे कर्तव्य आहे. आपल्या भागात पाइनवर लाल डोक्याची, पिवळ्या अंगावर काळे ठिपके असलेली अळीही येते. ती उत्तर अमेरिकेतील मूळचीच लाल डोक्याची पाइन करवतमाशी होय. ती जुन्या सुयांबरोबर नव्याही खाते आणि लहान झाड मारू शकते. तशी अळी दिसली, तर वाट पाहू नये.

प्रश्न : करवतमाशी चावते का? तिच्या नावातली करवत कुठे असते? — एक विद्यार्थी, कोल्हापूर

उत्तर : चावत नाही आणि डंखही मारत नाही. गांधीलमाशीच्या मादीचा डंख म्हणजे अंडी घालण्याच्या अवयवाचेच बदललेले रूप आहे. करवतमाशीत तो अवयव अजून मूळ कामालाच वापरला जातो. मादीच्या पोटाच्या टोकाला दातेरी कडांची दोन पातळ पाती असतात आणि ती आळीपाळीने पुढे-मागे सरकून सुईत चीर पाडतात. सुताराच्या करवतीसारखेच हे काम आहे, म्हणून हे नाव. गांधीलमाशीची कंबर बारीक असते; करवतमाशीला अशी कंबर नसते, छाती आणि पोट सलग जोडलेले असतात. पाइनवरच्या जातींत नर आणि मादी मिशांवरून सहज ओळखता येतात. नराच्या मिशा पिसासारख्या दुहेरी फणीच्या असतात, कारण मादीचा गंध त्याला दुरून टिपायचा असतो. मादीच्या मिशा साध्या, किंचित दातेरी असतात. आणखी एक गोष्ट तुम्हाला आवडेल : फलित अंड्यांतून माद्या होतात आणि फलित न झालेल्या अंड्यांतून नर. मधमाश्यांतही असेच असते.

पाइन आपल्या सह्याद्रीतला मूळचा वृक्ष नाही, त्यामुळे पाइनवरची करवतमाशी कोल्हापुरात शोधू नका. तिची एक नातलग मात्र हिवाळ्यात जवळच्या शेतात भेटेल. मोहरी, मुळा किंवा कोबीच्या रोपावर सकाळच्या वेळी काळपट हिरवी अळी दिसली आणि बोट लावताच ती अंग वळवून खाली पडून मेल्यासारखी राहिली, तर ती मोहरीवरची करवतमाशी असण्याची शक्यता बरीच आहे. तिचेही पाय मोजा. पोटाखालच्या पायांच्या आठ जोड्या मिळतील.

प्रश्न : मी कामानिमित्त बर्लिनला राहतो. शहराबाहेर ब्रांडनबुर्गच्या जंगलात मैलोन्‌मैल पाइन आहेत आणि काही वर्षी अळ्यांनी ते ओकेबोके होतात, असे इथले लोक सांगतात. एवढ्या जंगलावर कोण फवारणी करणार? झाड स्वतःचा बचाव करतच नाही का? — एक वाचक, बर्लिन

उत्तर : आपण हा प्रश्न बर्लिनहून विचारावा, याचा मला विशेष आनंद वाटला, कारण त्याचे उत्तर आपल्याच शहरात सापडले आहे. बर्लिनच्या मुक्त विद्यापीठात मोनिका हिल्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्कॉट्स पाइन आणि सामान्य पाइन करवतमाशी, म्हणजे डिप्रिऑन पिनी, यांच्यातील झगड्याचा वर्षानुवर्षे अभ्यास केला आहे.

त्यांना आढळले ते असे. मादीने सुईत अंडी घातली, की साधारण तीन दिवसांत झाड वेगळा गंध सोडू लागते. त्यात बीटा-फार्नेसीन या द्रव्याचे प्रमाण वाढलेले असते. अंडी असलेल्या सुयाच नव्हे, तर त्याच फांदीवरच्या, अंडी नसलेल्या शेजारच्या सुयाही हा गंध सोडतात. करवतमाशीच्या अंड्यांत आपली अंडी घालणारी एक अगदी इवलीशी गांधीलमाशी या गंधाच्या मागाने तिथे पोहोचते आणि त्या अंड्यांतून अळीऐवजी तिचीच पिल्ले बाहेर पडतात. आपल्याकडचे शेतकरी ट्रायकोग्रामा या अशाच इवल्या, अंड्यांत अंडी घालणाऱ्या कीटकाची कार्डे उसात लावतात, त्यामागचे तत्त्व हेच आहे. फक्त इथे मित्रकीटकाला बोलावणे झाड स्वतः धाडते. सुईला नुसती चीर पाडली तर हा गंध येत नाही. मादी अंड्याबरोबर जो स्राव सोडते, त्यातल्या घटकामुळे झाडाला कळते, की ही जखम वाऱ्याची किंवा गारेची नाही.

अंड्यांचा इशारा झाडाला आणखी एका प्रकारे उपयोगी पडतो. आधी अंडी घातली गेलेल्या झाडावर वाढणाऱ्या अळ्या, अंडी न घातलेल्या झाडावर सोडलेल्या अळ्यांपेक्षा अधिक संख्येने मरतात. २०१९ साली याच गटाने याहूनही पुढची गोष्ट दाखवून दिली. मादी नराला बोलावण्यासाठी जो गंध सोडते, तो ज्या पाइनपर्यंत आधी पोहोचला होता, त्याच्या सुयांत घातलेल्या अंड्यांतली कमी अंडी जगली. म्हणजे पहिले अंडे पडण्यापूर्वीच झाड सावध झालेले असते. झाडाला नाक नाही, मज्जातंतू नाहीत, तरी शत्रूच्या लग्नाचे बोलावणे त्याला ऐकू जाते, याचे मला आजही नवल वाटते.

अर्थात अळीही निःशस्त्र नाही. पाइनचे शस्त्र म्हणजे राळ, आणि हे शस्त्र अळी पळवते. सुया खाताना ती राळ पचवत नाही, तर अन्ननलिकेच्या पुढच्या भागातील दोन पिशव्यांत साठवते. मुंगीने किंवा कोळ्याने अंगाला हात घातला, की ती तोंड तिकडे वळवून राळेचा चिकट थेंब बाहेर काढते आणि शत्रूला माखते. निओडिप्रिऑन सर्टिफरमधील ही युक्ती थॉमस आइस्नर आणि सहकाऱ्यांनी १९७४ साली प्रसिद्ध केली. आपणही जंगलात अळ्यांचा घोळका दिसला, तर त्याच्याजवळ टाळी वाजवून पाहावी. सगळ्या अळ्या एकाच क्षणी डोकी आणि शेपट्या वर उचलून इंग्रजी एस अक्षरासारख्या वाकतात. अगदी जवळून पाहिल्यास एखादीच्या तोंडाशी पारदर्शक, चकाकणारा थेंब दिसतो आणि त्याला ताज्या राळेचा वास येतो. अनेकींनी एकत्र राहण्याचा फायदा त्या वेळी डोळ्यांनी दिसतो : एक अळी एखाद्या मुंगीला थोपवू शकेल, पण तीस-चाळीस अळ्यांच्या राळेने माखलेल्या फांदीवर चढायला मुंगीही कचरते.

जंगले ओकीबोकी होण्यामागे बहुधा हवामान असते. उबदार वर्षी डिप्रिऑन पिनीच्या दोन पिढ्या होतात. उन्हाळ्याच्या अखेरीस येणारी दुसरी पिढी जुन्या आणि नव्या अशा दोन्ही सुया खाते, म्हणून तीच झाडांना अधिक घातक ठरते.

प्रश्न : हरभऱ्यावरच्या घाटे अळीसाठी मी एचएएनपीव्ही हे विषाणूजन्य औषध फवारतो. मेलेल्या अळ्या फांदीला उलट्या लोंबकळताना दिसतात. परदेशात पाइनवरच्या अळ्यांवरही असाच विषाणू वापरतात असे वाचले. दोन्ही एकच का? — एक शेतकरी, सांगली जिल्हा

उत्तर : एक नव्हे, पण एकाच कुळातले आहेत. घाटे अळीचा विषाणू पतंगवर्गीय अळ्यांचा, तर पाइनवरचा विषाणू फक्त करवतमाशीचा; आपल्या बाटलीतला विषाणू तिथे कामाला येणार नाही आणि तिथला विषाणू आपल्या शिवारात. हा नेमकेपणा म्हणजेच अशा औषधांचे मोठे बळ आहे, कारण मधमाश्या, पक्षी, जनावरे आणि माणसे यांना त्याचा त्रास होत नाही.

दोन्हींच्या कामात एक फरक आहे आणि तो आपल्यासारख्या अनुभवी शेतकऱ्याला लगेच कळेल. घाटे अळीत विषाणू शरीरभर पसरतो आणि शेवटी अळी फुटून तिच्यातले पाणी पानावर सांडते, तेव्हा तो इतरांपर्यंत पोहोचतो. करवतमाशीच्या अळीत मात्र तो केवळ मधल्या आतड्यात वाढतो. त्यामुळे अळी जिवंत असतानाच तिच्या विष्ठेतून विषाणू बाहेर पडू लागतो. शेजारी-शेजारी बसून खाणाऱ्या अळ्यांत एकीला लागण झाली, की साथ काही दिवसांत सगळ्या घोळक्यात पसरते. ज्या एकजुटीने मुंगीपासून वाचवले, तीच इथे जिवावर बेतते.

याचे सर्वांत बोलके उदाहरण कॅनडातले आहे. १९३० साली क्युबेकमधील गॅस्पे द्वीपकल्पात स्प्रूस झाडांवर युरोपातून आलेल्या करवतमाशीचा प्रचंड उद्रेक आढळला. तिला आवरण्यासाठी युरोपातून परोपजीवी कीटक आणून सोडण्यात आले. त्यांच्याबरोबर, कुणाच्या ध्यानीमनी नसताना, हा विषाणूही आला असावा असे मानले जाते. १९३० च्या दशकाच्या अखेरीस अळ्या रोगाने मरू लागल्या आणि पुढच्या काही वर्षांत तो उद्रेक ओसरला. त्यानंतर पाइनवरच्या करवतमाशीसाठी स्वीडनहून आणलेला विषाणू कॅनडातील एफ. टी. बर्ड यांनी १९५० च्या सुमारास हेतुपूर्वक फवारून यशस्वी करून दाखवला. ऊन लागले की हा विषाणूही निकामी होतो आणि अळ्या लहान असतानाच त्याचा गुण येतो. हे दोन्ही नियम आपण हरभऱ्यात पाळतच असाल.

प्रश्न : ऑन्टॅरिओमधील आमच्या घरामागे पाइनखालचा पाचोळा हलवताना तांबूस, कागदी, कॅप्सूलसारखे कोष सापडले. काहींना भोके आहेत, काही फाटलेले आहेत. हा पाचोळा जाळून टाकावा का? — एक वाचक, कॅनडा

उत्तर : कृपया जाळू नये. आधी ते कोष हातात घेऊन नीट पाहावेत, कारण आत काय घडले ते प्रत्येक कोषावर लिहिलेले असते. कोषाच्या टोकाची टोपी डबीच्या झाकणासारखी गोल कापलेली असेल, तर त्यातून करवतमाशी सुखरूप बाहेर पडली. बाजूला किंवा टोकाजवळ लहान, वेडेवाकडे भोक असेल, तर आतल्या अळीला खाऊन एखादा परोपजीवी कीटक बाहेर आला. आणि कोष चावून फाडलेला असेल, तर ते काम चिचुंद्रीचे किंवा उंदराचे.

हे शेवटचे काम किती मोलाचे आहे, ते आपल्याच प्रांतात सिद्ध झाले. दक्षिण ऑन्टॅरिओतील पाइनच्या लागवडीत सी. एस. हॉलिंग यांनी १९५० च्या दशकात युरोपीय पाइन करवतमाशीच्या कोषांचा अभ्यास केला. मास्क्ड श्रू आणि आखूड शेपटीची श्रू या दोन चिचुंद्र्या आणि हरिण-उंदीर, असे तीन प्राणी हे कोष खात. प्रत्येकाची कोष फाडण्याची तऱ्हा वेगळी, त्यामुळे रिकाम्या कोषावरून खाणारा ओळखता येई. कोषांची दाटी वाढत गेली, तसे एकेका प्राण्याचे खाणे कसे वाढते आणि पोट भरल्यावर कुठे थांबते, हे हॉलिंग यांनी मोजले आणि १९५९ साली मांडले. भक्ष्य आणि भक्षक यांचे गणित शिकणाऱ्या जगभरच्या विद्यार्थ्यांना त्यांचे आलेख आजही शिकवले जातात. न्यूफाउंडलंड बेटावर तर लार्च झाडांवरील करवतमाशीला आवर घालण्यासाठी १९५८ साली २२ मास्क्ड श्रू मुद्दाम नेऊन सोडण्यात आल्या, कारण त्या बेटावर मुळात एकही चिचुंद्री नव्हती.

आपल्याकडे घरात चिचुंद्री दिसली की उंदीर समजून तिला मारतात. ती कीटक खाणारा वेगळा प्राणी आहे, हे किती घरांत सांगितले जाते? तेव्हा पाचोळा जाळल्यास कोषांबरोबर परोपजीवी कीटक आणि चिचुंद्र्यांचा आसराही जाईल. झाडावर गेल्या वर्षी अळ्यांचा फारच जोर असेल, तर सप्टेंबरपूर्वी न फुटलेले, जड लागणारे कोष तेवढे वेचून काढावेत. ते बारीक जाळीच्या झाकणाच्या बरणीत ठेवल्यास करवतमाशी आतच अडकते आणि तिच्याहून लहान परोपजीवी कीटक जाळीतून बाहेर निघून जातात. बरणी सावलीत, झाडाच्या बुंध्याशीच ठेवावी.